नानांची घागर

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत चौदा घरं होती. पाण्याची पाइपलाइन आमच्या घराकडून आत शिरायची आणि अक्कांच्या घरापाशी संपायची. घर घेताना ही गोष्ट मी सगळ्यात आधी पाहिली होती. नवरा खिडक्या बघत होता, वारा कुठून येतो ते बघत होता. मी रस्त्यावर उभी राहून लाइन कोणत्या टोकाकडून येते ते विचारत होते. दलालाला हसू आलं. पण त्या गल्लीत दोन घरं विकायला होती आणि आम्ही पहिलं घेतलं ते माझ्या या चौकशीमुळे. दुसरं, अगदी शेवटचं, पुढे अक्कांच्या मुलानं घेतलं.

माझं माहेर धुळे तालुक्यातलं. वैशाखात आमच्या गावाची विहीर खडखडीत व्हायची. मग नदीच्या वाळूत झिरे खोदायचे, खड्ड्यात हळूहळू पाणी जमायचं आणि ते वाटीनं हंड्यात भरायचं. एक हंडा भरायला किती वेळ लागायचा हे सांगितलं तर आता कोणाला खरं वाटणार नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. एवढ्यासाठी सांगते, की पाण्याच्या बाबतीत मी कधीच भोळी नव्हते. मला नेमकं ठाऊक होतं, की जो आधी पोचतो त्याचा हंडा भरतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नळ एका दिवसाआड यायचा, सकाळी सहाच्या सुमारास, पाऊण तास. उन्हाळ्यात अर्धा तास. मी घरी शिवणकाम करायचे, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या बायका ब्लाउजच्या निमित्तानं माझ्याकडे येऊन बसायच्या आणि पाण्याचंच बोलायच्या. कोणाकडे किती आलं, कोणाकडे गढूळ आलं, कोणी मोटार लावली.

मोटार म्हणजे नळाच्या तोंडाला जोडायची छोटी विजेची मोटार. ती लाइनमधलं पाणी ओढून वरच्या टाकीत चढवते. लावायची परवानगी नव्हती आणि लावत सगळेच होते. आम्हीही लावली होती. आमची मोटार मागच्या दाराच्या ओट्याखाली होती, तिच्यावर पालथं घमेलं आणि घमेल्यावर पोतं. एकीनं लावली की शेजारणीला लावावीच लागायची, नाहीतर तिच्या नळाला नुसती हवा. अशा सात-आठ मोटारी झाल्यावर शेवटच्या घरात काय पोचणार?

अक्का आणि नाना त्या शेवटच्या घरात राहायचे, मुलाबरोबर. मुलगा डाळमिलमध्ये कामाला, सकाळी सातला जायचा. त्याचं अजून लग्न व्हायचं होतं. अक्का साठीच्या आतबाहेर, काटक, नऊवारी. त्यांचं माहेर माझ्या माहेरापासून दोन कोसांवर निघालं, तेव्हापासून त्या मला ‘माय’ म्हणायच्या आणि माझ्याशी फक्त आमच्या खानदेशी बोलीत बोलायच्या. मी गल्लीत पुस्तकी मराठी बोलायचे. अक्कांना उत्तर देतानाही पुष्कळदा तेच तोंडात यायचं. त्यांनी कधी टोकलं नाही.

नानांना लकवा झाला होता. एक बाजू गेलेली. माझा नवरा ऑफिसातून आला की चहा घेऊन त्यांच्याकडे जायचा आणि पेपर वाचून दाखवायचा. कापसाचे, केळीचे भाव आधी, मग बाकीचं. नानांना बोललेलं नीट कळायचं, बोलता फार यायचं नाही. पण भाव ऐकून ते ओठ एका बाजूनं वाकडे करायचे, आणि नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ती शिवी असायची. दोघांचं जमलं होतं. मी दोन वर्षांत तिथं चार-पाच वेळा गेले असेन.

अंथरुणावरच्या माणसाला पाणी किती लागतं हे ज्यानं केलं त्यालाच कळतं. रोजची चादर, रोजचं धोतर, अंग पुसायचं. अक्का ते सगळं पाणी गल्लीच्या मागच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणायच्या. त्या विहिरीचं पाणी मचूळ. गुरं पीत होती, बांधकामाला वापरत होते, माणसं पीत नव्हती. पिण्याचे दोन हंडे अक्का कुठून तरी मिळवायच्या. कधी तिसऱ्या घरातून, कधी आमच्याकडून. मी दिले नाहीत असं नाही. मागितले तेव्हा दिले. फक्त त्या मागायला यायच्या आणि मी द्यायचे, हे मला ठीक वाटत होतं.

माघात नाना गेले. चैत्रात मी मोटारींची मोहीम काढली.

ती का काढली हे मला आज नीट सांगता येणार नाही. नाना गेल्यावर नवरा एकदा म्हणाला होता, की त्या म्हाताऱ्याचं शेवटचं अंग मचूळ पाण्यानं धुतलं. ते कुठे तरी लागलं असेल. आणि दुसरं म्हणजे मला कामं सुरळीत लावायची सवय आहे. हिशेब उघड होता. सगळ्यांनी मोटारी काढल्या तर सगळ्यांना खालच्या नळाला पुरेसं पाणी येतं, फक्त टाकीत चढत नाही. बादल्या उचलाव्या लागतात, एवढंच. मी एक कागद केला आणि घरोघर सह्या घेत फिरले. तिसऱ्या घरातली बाई तोंडाची तिखट होती. ती म्हणाली, “आधी तुमची काढा, मग माझ्या दारात या.” मी तिला हाताला धरून आमच्या मागच्या ओट्यापाशी आणलं, तिच्यासमोर घमेलं उचललं आणि वायरमनकडून मोटार सोडवून माळ्यावर टाकली. मग तिनंही काढली. दहा दिवसांत चौदाही घरं बिनमोटारीची झाली.

अक्कांच्या नळाला पाणी आलं. जाड नव्हे, करंगळीएवढी धार, पण वीस मिनिटं टिकायची. पहिल्या दिवशी त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. आमच्या पुढच्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, की हे नाना असताना झालं असतं तर बरं होतं, पण झालं हे बरं झालं. तिसऱ्या घरातली बाई दारात उभी होती. ती मला म्हणाली, “बाई, आता तुम्ही इलेक्शनला उभ्या राहा.” मी हसले. मला ते आवडलं होतं.

पुढे वैशाख लागला आणि आखाजी जवळ आली.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात. आमच्या खानदेशात तो लेकींचा आणि पितरांचा सण. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरात गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. माझ्या दोन्ही नणंदा त्या वर्षी पोरांसकट येणार होत्या. थोरली फैजपूरची. केळीच्या पट्ट्यातली, स्वतःची विहीर, विहिरीवर मोटार, पाट वाहतोय. मागच्या वर्षी ती आली तेव्हा न्हाणीघरातून ओरडून विचारलं होतं, “वहिनी, दुसरी बादली घेऊ का, की तुमच्या जळगावात परवानगी काढावी लागते?” तिच्या पोरांनी मग चार दिवस तोच विनोद केला. पाण्याचा पेला मागतानाही “परवानगी आहे का मामी” म्हणायची. ते माझ्या डोक्यात राहिलं.

घरात आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि त्या नऊ जणं. बादल्यांनी ते भागणार नव्हतं, हेही खरं. आखाजीच्या आधीच्या पाण्याच्या दिवशी मी वायरमनला बोलावलं नाही. मोटार स्वतःच माळ्यावरून काढली, स्वतःच जोडली. शिवणाच्या मशीनची मोटार मी बसवू शकत होते, तर ही काय मोठी गोष्ट. वर घमेलं, त्यावर दोन पोती.

नवरा म्हणाला, “सह्या तूच घेतल्या होत्यास.”

मी म्हटलं, “पाण्याच्या चारच खेपांचा प्रश्न आहे. त्या गेल्या की काढते.”

तो आंघोळीला गेला. आमच्या घरातले निर्णय मीच घ्यायचे आणि त्याला ते सोयीचं होतं. त्या वेळी मलाही.

त्या सकाळी टाकी काठोकाठ भरली. बाकी घरांत मोटारी नव्हत्या, त्यामुळे आमची फारच सुरेख ओढत होती. अर्ध्या गल्लीत धारा बारीक झाल्या आणि शेवटच्या दोन घरांत काही आलं नाही. बायका म्हणाल्या, उन्हाळाच तसा आहे. मी म्हटलं, हो ना. शेवटून दुसऱ्या घराला कुलूप होतं, ते लोक सणासाठी गावी गेले होते. म्हणजे खरं तर एकाच घरात आलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का आल्या. नणंदा येऊन पोचल्या होत्या, घरात आंब्यांचे हारे आणि पोरांचा गोंधळ. अक्कांनी माझ्या नवऱ्याला कुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवशी पितर म्हणून जेवायला बोलावलं.

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्षभरात घरात कोणी गेलं असेल तर पहिल्या आखाजीला त्याची घागर भरतात. लाल मातीची नवी घागर, तिच्यावर लहान मातीचं भांडं, त्याच्यावर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आणि आंबे. घागरीतलं पाणी त्याच सकाळचं ताजं हवं. रात्रीचं शिळं चालत नाही, आणि घरच्या माणसानं आपल्या हातानं भरलेलं हवं. मग कोणा एका माणसाला गेलेल्याच्या जागी पाटावर बसवायचं. त्याला पहिलं पान वाढायचं आणि त्या घागरीतलं पाणी प्यायला द्यायचं. तो प्यायला म्हणजे गेलेला प्यायला. त्याच्या नावानं तोवर काही पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात.

अक्का नवऱ्याला म्हणाल्या, की भाऊबंदांत कोणालाही बसवता आलं असतं, पण नानांजवळ बसणारा माणूस तुम्हीच होतात. नवऱ्यानं कपाळावरच्या कुंकवाला हात लावला. मग म्हणाला, “येतो अक्का. नक्की येतो.”

जाताना त्यांनी मला विचारलं, उद्या नळाचा दिवस आहे ना? मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगितलं, हो, उद्याच आहे. आखाजीच्या दिवशीच नळ, म्हणजे नानांचं नशीब चांगलं, असं काहीसं त्या म्हणाल्या.

मोटार काढायला माझ्याकडे अख्खी संध्याकाळ होती. मला आठवलंच नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. मला आठवलं होतं. पुरण वाटताना आठवलं. मी मनात असा हिशेब केला, की आपण पहिली दहा मिनिटं मोटार लावू नये, तेवढ्यात अक्कांची घागर भरेल. मग आपलं चालू करू. हा हिशेब मला इतका पटला, की मी निवांत झोपले.

सकाळी सहाला नळ आला तेव्हा थोरली नणंद न्हाणीघरात होती, पोरं दात घासत होती आणि धाकटीचं बाळ रडत होतं. धार बारीक होती. थोरलीनं आतून विचारलं, “वहिनी, हे येतंय की जातंय?” मी बटण दाबलं.

दहा मिनिटं नाही. दोनही नाहीत.

सव्वासहाला अक्का दारात आल्या. डोक्यावरून न्हालेल्या, पांढरं लुगडं, काखेत ती नवी लाल घागर. आंघोळ त्यांनी कशानं केली असेल याचा विचार मी नंतर केला. त्या उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. आत पाहुणे होते ना.

“तुमनाकडे पानी उनं का, माय?” त्यांनी विचारलं. तुमच्याकडे पाणी आलं का? “एकच घागर भरानी शे.”

मी दारात आले होते तेव्हा माझे हात कोपरापर्यंत ओले होते. पदर खोचलेला, त्याचा काठ ओला. घागर भरून द्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण द्यायची म्हणजे त्यांना मागच्या ओट्यापाशी न्यायचं. मधे कुठल्याच नळाला धड पाणी नाही आणि इथं ते जोरात येतंय हे त्यांना दिसणार. घमेल्याखालची घुर्र ऐकू येणार. कागदावरची पहिली सही माझी होती. तिसऱ्या घरातल्या बाईच्या कानावर हे जायला किती वेळ लागला असता? आणि आत थोरली नणंद ऐकत होती.

हे सगळं मी आता लिहिते आहे. त्या क्षणी मी यातलं काहीच विचारात घेतलं नाही. तोंडातून सरळ निघालं.

“नाही हो अक्का. आमच्याकडेही आज आलं नाही.”

अगदी शुद्ध मराठीत.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाल्या, “बरं,” आणि घागर दुसऱ्या काखेत घेऊन निघाल्या. मी दार लावून घेतलं. आत येऊन मी बटण बंद केलं का? नाही. टाकी अर्धीच झाली होती.

साडेअकराच्या सुमारास नवरा नवं धोतर नेसून निघाला. मलाही जावं लागलं, कारण अक्का एकट्या आणि मांडे करायला हात हवा होता. पुरणाचा मांडा दोन हातांवर फिरवत पातळ करून खापरावर टाकायचा असतो, ते मला चांगलं येतं. मी चुलीपाशी बसले. जागा लहान, सगळं तिथून दिसत होतं. कोपऱ्यात गव्हाच्या राशीवर घागर मांडली होती. वर डांगर, दोन आंबे. घागर भरलेली होती.

पाणी कुठलं, हे मी विचारलं नाही. दिसत होतं. अक्कांची पावलं घोट्यापर्यंत चिखलानं माखून वाळली होती. मागच्या मळ्यात बांधावरून जाताना तसा काळा चिखल लागतो. मुलगा जाईन म्हणत होता, त्याला त्यांनी चूल पेटवायला बसवलं होतं.

नवऱ्याला पाटावर बसवलं. अक्कांच्या मुलानं विस्तवावर आगारी टाकली, म्हणजे पितराच्या नावानं घास. मांडा, आमरस, कुरडया, भजी, सगळं पानात होतं. मग अक्कांनी घागरीतून तांब्या भरला आणि पेला पुढे केला. नवऱ्यानं घोट घेतला. मी त्याचा चेहरा बघत होते. घोट तोंडातच राहिला, मग खाली गेला.

तो बोलणार नव्हता, पण अक्काच बोलल्या. त्याच्याशी नाही. पाटावर बसलेल्याशी. पदर डोक्यावरून पुढे ओढून, जमिनीकडे बघत.

“गोड पानी भेटनं नही. जे भेटनं ते दिधं. राग धरू नका.”

 माझ्या हातातला मांडा मनगटावरून खाली लोंबला आणि फाटला. मी तो गोळा करून परत पुरणाच्या परातीत टाकला. अक्का माझ्याकडे वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “फाटू दे. दुसरा कर.”

नवऱ्यानं तो पेला संपवला. मग दुसरा मागितला आणि तोही संपवला. ते पाणी गुरंसुद्धा एका दमात पीत नाहीत.

घरी परतताना तो गल्लीत माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. मागच्या ओट्यापाशी आल्यावर पोत्यांकडे बघून म्हणाला, “मी त्या माणसाच्या नावानं खारं पाणी पिऊन आलो. ही मोटार आता काढ किंवा ठेव. मला सांगू नकोस.”

मी काढली नाही. म्हणजे त्या दिवशी नाही. नणंदा आणखी दोन खेपा राहिल्या आणि दोन्ही वेळा मी बटण दाबलं. एकदा खोटं बोलून झाल्यावर पोरांना बादल्या मोजून देण्यात काय अर्थ होता, असा माझा विचार. तो तसा चुकीचाही नव्हता. त्या गेल्या त्या दिवशी मोटार काढून माळ्यावर टाकली आणि मला वाटलं, आता झालं, आता पहिल्यासारखं होईल.

दोन दिवसांनी तिसऱ्या घरातली बाई ब्लाउजचं माप द्यायला आली. हात वर करून उभी होती, मी टेप लावत होते. ती भिंतीकडे बघत म्हणाली, “आम्ही काढली ती तशीच माळ्यावर आहे हो अजून. तुमची मात्र आखाजीला छान वाजत होती. आमच्या घरापर्यंत ऐकू येत होती.”

मी टेप गुंडाळला. विचारलं, “कोणाकोणाला ऐकू आली?”

“एकटीच वाजत होती, बाई,” ती म्हणाली. “सकाळी सहाला. गल्ली शांत. कोणाला ऐकू नाही आली ते विचारा.”

तिनं ते भांडून सांगितलं असतं तर मी भांडले असते. ती बाहीची लांबी सांगून निघून गेली. त्याच आठवड्यात तिनं मोटार परत लावली. मग पाचव्या घरानं, मग सातव्या. मी कोणाला काय सांगणार? तो सह्यांचा कागद माझ्याकडेच होता, तो मी शिवणाच्या चिंध्यांबरोबर टाकून दिला. ज्येष्ठ लागेपर्यंत सगळ्यांकडे मोटारी, आणि हो, आमच्याकडेही. पहिल्या घराला फार ओढावं लागत नाही, तरी.

एक गोष्ट राहिली होती, ती मला सोडत नव्हती. गल्लीत सगळ्यांना मोटार ऐकू आली होती, तर अक्कांना? शेवटचं घर लांब होतं, आणि त्या दारात आल्या तेव्हा आत पोरांचा गोंधळ होता, कदाचित त्यांना आवाज गेला नसेल, असं मी धरून चालले होते. या ‘कदाचित’वर माझा जवळजवळ महिना गेला. शेवटी मला ते सहन होईना. पश्चात्ताप म्हणून गेले असं मी म्हणणार नाही. मला फक्त त्यांना ठाऊक आहे की नाही ते कळायला हवं होतं.

ज्येष्ठात नळाची वेळ बदलून संध्याकाळची झाली होती. मी चारच्या सुमारास गेले. अक्का दारात चुंबळ वळत होत्या, शेजारी दोन रिकामे हंडे. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आखाजीला आमच्याकडे पाणी आलं होतं. मोटार लावली होती. मी खोटं बोलले. या वेळी मी आमच्या बोलीत बोलले, आणि ती तोंडात नीट बसेना.

अक्कांनी चुंबळ पूर्ण वळली. मग म्हणाल्या, “माले मालूम व्हतं.”

मी विचारलं, मग तुम्ही आलात कशाला?

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग लहान मुलाला समजावून सांगावं तसं सांगितलं, “मोटार वाजत व्हती म्हनीसन तं उनू.”

मोटार वाजत होती म्हणून तर आले. जिथं पाणी आहे असं ठाऊक आहे तिथं माणूस जातो. मला पकडायला नव्हे, माझी परीक्षा घ्यायला नव्हे. मी त्यांच्या गावाकडची, माझा नवरा त्यांच्याकडे पितर बसणार, आणि माझ्याकडे पाणी होतं. आणखी कुठं जाणार होत्या?

मला काहीतरी भरून द्यायचं होतं. मला तेवढंच येतं. काही फाटलं की शिवायचं, सांडलं की पुसायचं. मी म्हटलं, अक्का, पुढच्या आखाजीला घागर माझ्याकडून भरून न्या. पहाटे या, कोणाच्याही आधी. मोटार चालू असेल नाहीतर नसेल, पहिली घागर तुमची.

अक्कांनी मान हलवली. पुढच्या वर्षापासून नाना इतर पितरांत मिसळणार, त्यांची वेगळी घागर नाही. सगळ्यांची मिळून एक. “त्यासनी ती एकदावच भरतस,” त्या म्हणाल्या. त्यांची ती एकदाच भरतात.

त्यात राग नव्हता. रीत काय आहे ते त्या मला सांगत होत्या, कारण माझ्या विचारण्यावरून मला ती माहीत नसावी असं त्यांना वाटलं असेल. मला ती माहीत होती. विचारताना मी ती बाजूला ठेवली होती.

त्यांनी एक हंडा उचलला. दुसरा मी उचलला. त्या नको म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. आम्ही मागच्या मळ्यात गेलो. त्या गल्लीत राहायला येऊन मला चार वर्षं झाली होती आणि त्या वाटेनं मी पहिल्यांदा चालत होते. बांध अरुंद, एका जागी पाटाचा चिखल, तिथं पाय घोट्यापर्यंत जातो. विहिरीला कठडा नव्हता. अक्कांनी दोन्ही हंडे भरले, मला दोर धरू दिला नाही, सवय नाही म्हणाल्या. परत येताना मी दोनदा थांबले. त्या पुढे होत्या, माझ्यासाठी थांबल्या, मागे वळून न बघता.

 वाटेत मी बोलायला गेले असते तर स्वतःबद्दलच बोलले असते.

दारात पोचल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला आणि आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन हात पदराला पुसले. सूर्य कुठवर आला आहे ते पाहिलं.

“आते जाय, माय,” त्या म्हणाल्या. “नळ येवानी येळ व्हयनी.”

मी गेले.